परडी आणि टांगती कुंडी

"येतात की!" यज्ञेश्वर बोलून गेले, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हटलं ते आपल्यालाच माहीत नाही. रविवारची सकाळ होती, सातचा सुमार. तिकडे कॅलिफोर्नियात तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते आणि अभिषेक आठवड्याचा फोन लावतो. या फोनची चाल ठरलेली होती. आधी मुलगा दिसणार, तोही हनुवटीपासून वर. मग तब्येत, मग बीपीची गोळी, मग 'इंदूबाई येतात ना वेळेवर?' मग सूनबाई, स्पृहा, मागून कुठेतरी जाता जाता हात हलवणार. शेवटी सहा वर्षांच्या आभाला धरून आणणार. ती 'हाय आजोबा' म्हणणार आणि ओल्या साबणासारखी चौकटीतून निसटणार. आज मात्र उलटंच झालं. पोरीने स्वतःहून बापाच्या हातातला फोन हिसकावला आणि बाल्कनीत पळत नेला. तिथे एक कुंडी टांगलेली होती, तिच्या काठावरून लाल फुलं खाली ओघळत होती, आणि फुलांच्या तोंडाशी, कशालाही न धरता, नुसत्या हवेत एक पाखरू उभं होतं. "आजोबा, हमिंगबर्ड! बघा ना! तुमच्याकडे पण येतात?" वर्षभरात तिने त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याला नाही कसं म्हणायचं? "येतात की!" "मग दाखवाल? नेक्स्ट संडेला?" "दाखवतो." "प्रॉमिस?" "प्रॉमिस." ती ओरडत आत पळाली, आईला सांगायला, आणि तिचा आवाज दूर जाईपर्यंत यज्ञेश्वरांनी फोन कानाला लावून ठेवला, जरी हा फोन कानाला लावायचा नसतो हे त्यांना आता चांगलं ठाऊक होतं.

मग ते अंगणात आले आणि उभे राहिले. यवतमाळात घर बांधून त्यांना एकतीस वर्षं झाली होती. कंपाउंडच्या भिंतीला लागून लाल जास्वंदीची दोन झाडं, कोपऱ्यात कण्हेर, तुळस, पोर्चच्या पुढे फरशी. या अंगणात कोणतं पाखरू येतं, हा प्रश्न एकतीस वर्षांत त्यांना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. त्यांनी वर पाहिलं. शेजारच्या गच्चीवर कावळा होता. केबलच्या तारेवर काही नव्हतं. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. झरी जामणीपासून नेरपर्यंत जिल्ह्याची किती शेतं या पायांनी तुडवली त्याची गणती नाही, पण नजर कायम खाली. हद्दीचा दगड, बांध, नाला. झाड दिसायचं तेही ते हद्दीवर उभं असलं तर. मुकुटबनकडे एकदा फाल्गुनात सगळा माळ पळसाने पेटलेला होता म्हणे; तसं सोबतचे लोक जेवताना बोलत होते. यज्ञेश्वरांना त्या गावचा गट नंबर आठवत होता, पळस आठवत नव्हता. आत येऊन त्यांनी चष्मा लावला आणि फोनमध्ये हमिंगबर्ड शोधला. चित्रं पुष्कळ आली. खाली लिहिलं होतं, हा पक्षी फक्त अमेरिका खंडात आढळतो. त्यांनी ते पुन्हा वाचलं. नोकरीत त्यांची एकच मिजास होती, की जागेवर पाय ठेवल्याशिवाय यज्ञेश्वर पांढरीपांडेने कधी नकाशावर रेघ मारली नाही. आणि आता निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, सहा वर्षांच्या पोरीपुढे, त्यांनी नेमकं तेच केलं होतं.

खरं सांगून टाकणं सोपं होतं. बाळा, आजोबा चुकले, ते पाखरू इकडे नसतंच. ती 'ओके' म्हणेल. तिचं ते 'ओके' त्यांना आत्ताच ऐकू आलं. त्या 'ओके'नंतर पुन्हा 'हाय आजोबा' आणि पुन्हा रिकामी चौकट, थेट पोर कॉलेजात जाईपर्यंत. त्यांना ती पोर हवी होती. इतकं साधं होतं ते, आणि इतकं साधं असूनही कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. मग त्यांना वाटलं, हमिंगबर्ड नसेल, पण फुलाला तोंड लावणारं काहीतरी असेलच ना इथे? एवढी फुलं देवाने काय नुसती परडीत टाकायला केली? या प्रश्नाने ते स्वतःच चपापले. कारण गेली तीन वर्षं ते स्वतः दुसरं काहीच करत नव्हते.

सुनीती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात म्हणाली होती, "देवाची फुलं चुकवू नका." बाकी काही सांगितलं नाही तिने. कपाटाच्या किल्ल्या, बँक, अभिषेकचं काही, काहीच नाही. यज्ञेश्वरांनी जन्मात कधी निरांजन लावलं नव्हतं. ती पूजा करायची तेव्हा ते पेपर वाचायचे. पण ती गेल्यावर तेराव्यानंतरच्या पहाटे ते उठले, परडी घेतली आणि जास्वंदीपाशी गेले, तेव्हापासून एक दिवस खंड नाही. तापात नाही, पावसात नाही. आधी साडेसहाला तोडायचे. मग लक्षात आलं की सकाळी फिरायला जाणारी मंडळी भिंतीवरून हात घालून फुलं नेतात. सगळी सभ्य माणसं. पायात पांढरे बूट, खिशात घडी घातलेली कॅरीबॅग. दुसऱ्याच्या झाडाचं फूल देवासाठी तोडलं तर ती चोरी नसते, असा या गावाचा सर्वमान्य समज आहे. म्हणून यज्ञेश्वर सहाला तोडू लागले, तर मंडळी पावणेसहाला येऊ लागली. असं करत करत आता पाचचा गजर होता. अंधारात, बोटांनी चाचपून, उमलायला आलेली कळीसुद्धा न सोडता ते झाड साफ करायचे. काम पक्कं. मोजणीत जसा एक गुंठा सुटू द्यायचा नाही, तसं. भरलेली परडी देवघरापाशी आणली, एकेक फूल मूर्तीपाशी ठेवलं, की त्या पंधरा मिनिटांत सुनीती घरात असायची. दिसायची वगैरे नाही. फक्त असायची, स्वयंपाकघरात असल्यासारखी. देवाचं यज्ञेश्वरांना काही घेणंदेणं नव्हतं. ही पंधरा मिनिटं मात्र त्यांनी कुणाला दिली नसती.

तेव्हा जास्वंद देवाची, म्हणजे तिची. तिला हात लावायचा नाही. पाखरासाठी वेगळी फुलं आणायची, आणि फिरायला जाणाऱ्यांचा हात पोचणार नाही अशी टांगायची. पोर्चच्या स्लॅबला अभिषेकच्या झोपाळ्याच्या दोन कड्या अजून होत्या. हा विचार सुचल्यावर त्यांना एकदम हुशारी आली. त्यांनी स्पृहाला मेसेज केला, की तुमच्या कुंडीत कोणती फुलं आहेत ती नावं पाठव. एरवी तिच्याकडून अंगठा यायचा. आज पाच मिनिटांत भलीमोठी यादी आली, वर 'बाबा, काय प्लॅन आहे?' आणि डोळे विस्फारलेला एक चेहरा. फ्यूशिया, पिटुनिया, साल्विया, लँटाना, असं बरंच. खाली तिने लिहिलं होतं, की लांब नळीसारखं फूल असावं, लाल असावं, आणि वास नसला तरी चालतो, कारण त्या पक्ष्याला वास येत नाही म्हणतात. यज्ञेश्वरांनी ते तीनदा वाचलं. वास येत नाही आणि लाल दिसतो! हे कुणी, कसं शोधून काढलं असेल? त्यांना वाटलं, कुणीतरी तासन्‌तास एखाद्या कुंडीसमोर बसलं असणार. आपण आयुष्यात कशासमोर असे बसलो, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला.

सोमवारी ते दारव्हा रोडच्या नर्सरीत गेले. मालक धरमसिंग राठोड, मूळचा दिग्रसकडच्या तांड्यावरचा, बोलायला मोकळा माणूस. त्याने यादी हातात घेतली आणि लांब धरून वाचली. "सायेब, हे पयलंच नाव काटा. फ्यूशिया हिल स्टेशनचा माणूस हाये. इथच्या उन्हात आठ दिवस नाई टिकत." "पिटुनिया?" "आता मार्च संपून राह्यला. आता पिटुनिया घेसान तं म्हाताऱ्याचं लगन लावल्यासारखं. दिसते चांगलं, पन चालत नाई." यज्ञेश्वर हसले, बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्यांना खोकला आला. "मग काय घेऊ? मला पाखरू पाहिजे." "कोनतं पाखरू?" यज्ञेश्वरांनी हाताने दाखवलं, एवढंसं, लांब चोचीचं, फुलासमोर हवेत थांबणारं. "हां हां, शक्करखोरा!" धरमसिंग म्हणाला. "काळाभोर. उन्हात आला का निळा चमकते. इथं रोज पन्नास खेपा करते ना थो." "इथे येतो? यवतमाळात?" "काहून नाई येनार? तुमच्या घरी येत नाई का?" गावात सगळ्यांकडे येणारा पाहुणा फक्त आपल्याच घरी येत नाही, हे असं बाजारात कळावं, तसं यज्ञेश्वरांना वाटलं. धरमसिंगने त्यांना शेडच्या टोकाला नेलं. तिथे एक कुंडी टांगलेली होती, तिच्यातून काड्यांसारख्या हिरव्या बारीक फांद्या खाली सांडल्या होत्या आणि फांद्यांवर लाल नळ्याच नळ्या. "रसेलिया. कोनी याले फटाका बी म्हनते. पानी कमी पडलं तरी कुरकुर नाई. पाखरू याच्यावर उलटं लटकते." "हीच द्या. आणि त्या यादीतली दुसरी?" "लँटाना? सायेब, लँटाना म्हंजे आपली घानेरी."

घाणेरी! यज्ञेश्वर हातातलं ते छोटं रोप पाहत राहिले. लाल-नारिंगी गुच्छ, शोभेच्या कुंडीत, टांगायला साखळीसकट. त्यांनी एक पान चुरडलं आणि वास आला, आणि वासाबरोबर फुलसावंगीची ती दुपार आली. किती वर्षं झाली, तिथे एका वादाच्या बांधाची मोजणी होती. दोन्ही दगडांच्या मधोमध घाणेरीचं बेट होतं, पुरुषभर उंच. मोजणीची साखळी ओढायला लाइन मोकळी पाहिजे. डोमाजी म्हणून एक कोलाम माणूस हाताखाली होता, त्याने कोयता घेतला, दोन घाव घातले आणि थांबला. "सायेब, आतमंदी खोपा हाये." यज्ञेश्वर नकाशाच्या प्लेन टेबलापाशी उभे होते, दोन्ही पक्षकार त्यांच्याकडे पाहत होते, ऊन डोक्यात चढलं होतं. "असू दे. लाइन इथूनच जाते." डोमाजीने पुन्हा सांगितलं, "बाजूनं नाई होनार का?" बाजूने होण्यासारखं होतं. दोन जास्तीचे कोन घ्यावे लागले असते, अर्धा तास गेला असता. "नाही होणार," यज्ञेश्वर म्हणाले. डोमाजीने तो खोपा फांदीसकट काढला आणि बाजूच्या बाभळीला अडकवून ठेवला, पण बेटातल्या उरलेल्या फांदीवर एक करड्या रंगाचं, पोटाशी पिवळसर, मुठीत मावेल एवढं पाखरू येऊन बसलं आणि सारखं ओरडत राहिलं. खोपा जाळ्याजाळ्यांचा, थैलीसारखा, लोंबता होता. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं! सगळं पाहिलं होतं. पक्ष्याच्या पोटाचा रंगसुद्धा डोळ्यांनी उचलून ठेवला होता, आणि इतकी वर्षं तो त्यांना कळवला नव्हता. मग आणखी काय काय असेल आत, न विचारल्यामुळे पडून राहिलेलं? धरमसिंग विचारत होता, बांधून देऊ का. "द्या," यज्ञेश्वर म्हणाले, "दोन्ही द्या."

त्या संध्याकाळी स्टुलावर चढून त्यांनी दोन्ही कुंड्या झोपाळ्याच्या कड्यांना अडकवल्या. अडकवल्या, उतरून पाहिल्या, पुन्हा चढून रसेलिया थोडी पूर्वेला सरकवली, म्हणजे सकाळचं ऊन आधी तिच्यावर पडावं. त्यांना वेळेचं भान राहिलं नाही. जेवतानाही ते खिडकीतून पाहत होते. पाखरू रात्री झोपतं कुठे? पाणी पितं का, की मधावरच भागतं? ती एवढीशी जीभ आत नळीत जाते की ओढून घेते? पासष्टीनंतर माणसाला नवं कुतूहल वाटायला लागलं तर ते बरं लक्षण की वाईट, असाही एक प्रश्न पडला. त्यांनी पाचचा गजर लावला आणि झोपले.

सकाळी सात वाजता इंदूबाई झाडायला आल्या. उमरसऱ्याहून सायकलीवर येतात, बारा वर्षं झाली. फाटक लावून त्या पोर्चमध्ये थांबल्या आणि वर पाहत म्हणाल्या, "साहेब, हे नुसत्या काड्या कायले टांगल्या जी?" यज्ञेश्वर खुर्ची घेऊन तिथेच बसले होते, पाखराची वाट पाहत, चष्मा आत राहिला होता. ते उठून कुंडीखाली गेले. रसेलियाला एक फूल नव्हतं. एक नळी नव्हती. घाणेरीचे गुच्छ देठापासून खुडलेले. हा काय प्रकार? इतक्या उंच कुणाचा हात... आणि मग त्यांना आठवलं, आठवलं म्हणजे बोटांना आठवलं. पहाटे अंधारात जास्वंदी आटोपून परत येताना काहीतरी कपाळाला लागलं होतं. हात वर गेला होता. स्टूल अजून तिथेच होतं. बारीक बारीक फुलं होती, नेहमीपेक्षा वेळ लागला, एवढंच मनात आलं होतं. ते धावतच देवघरात गेले. देवांच्या पायाशी जास्वंदीच्या ढिगावर लाल नळ्यांचा आणि नारिंगी गुच्छांचा सडा पडला होता, नीट, ओळीने लावलेला. यज्ञेश्वर खाली बसले. त्यांना आपल्याच हातांची थोडी भीती वाटली. तीन वर्षं हे हात पहाटे काय करतात ते त्यांना कुठे माहीत होतं?

बाहेर आले तेव्हा इंदूबाईंनी झाडू थांबवला आणि हळूच बोट दाखवलं. जास्वंदीच्या टोकावर एक काळं, अंगठ्याएवढं पाखरू होतं. ते एका फांदीवरून दुसरीवर जायचं, जिथे फूल असायला हवं त्या रिकाम्या देठापाशी वाकायचं, पुढे सरकायचं. सगळं झाड त्याने असं बारकाईने तपासलं. मग दुसरं झाड. मग 'चिवीत चिवीत' असं काहीसं रागाने बोललं आणि उडून गेलं. "रोज येते," इंदूबाई म्हणाल्या. "याच टायमाले. साऱ्या झाडाले धुंडते अन जाते." "रोज? मग मला कसं दिसलं नाही?" "तुम्ही तवा पेपर वाचता ना." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही एकबी फूल नाई ठेवत साहेब. मंग थो थांबन कायले?" "सुनीतीचं आहे ते," यज्ञेश्वर म्हणाले. आवाज नको इतका चढला. "तिने सांगितलंय, चुकवायची नाहीत." मेलेल्या माणसाचा शब्द पुढे आला की कुणी काय बोलणार? इंदूबाई पुन्हा झाडू लागल्या.

पुढचे चार दिवस यज्ञेश्वर कधी नव्हे एवढे विचारात पडले. रसेलियाला कळ्या होत्या, रविवारपर्यंत थोड्या फुलतील असं धरमसिंगने फोनवर सांगितलं. पण ते पाखरू वर पाहतच नव्हतं. बुधवारी, गुरुवारी त्यांनी मुद्दाम दाराआड उभं राहून पाहिलं: बरोबर सातच्या आगेमागे यायचं, फक्त जास्वंद धुंडायचं, पोर्चकडे ढुंकूनही न बघता जायचं. त्याचंही बरोबर होतं. जिथे फूल नाही त्या घरात तो कशाला रेंगाळेल? जास्वंदीवर फुलं राहिली, तर तो घटकाभर थांबेल, मग कदाचित त्याला लाल कुंडी दिसेल. म्हणजे जास्वंद तोडायची नाही. एक दिवस. एकच तर दिवस! पण यज्ञेश्वरांना ठाऊक होतं की तो एक दिवस असा सुटा निघत नाही. रिकामी परडी घेऊन देवघरापाशी जायचं, आणि ती पंधरा मिनिटं आलीच नाहीत तर? सुनीती घरात नसली तर? आणि ती एकदा नसली की मग दुसऱ्या दिवशी फुलं नेऊन तिला परत बोलावता येतं का? ते शुक्रवारी रात्री जेवले नाहीत. एका पारड्यात त्यांची बायको होती आणि दुसऱ्यात नात, आणि मधे ते एवढंसं काळं पाखरू, ज्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला, की असल्या गोष्टीवर का एवढा जीव टांगून बसावं? पण बसले होते खरे.

रविवारी गजर पाचला वाजला. यज्ञेश्वर उठले, परडी हातात घेतली, तशीच खुंटीला परत लावली आणि खुर्ची घेऊन जास्वंदीपाशी जाऊन बसले. हातांवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून त्यांनी ते शालीत गुंडाळून ठेवले. पावणेसहाला पांढरे बूट आले. भिंतीवरून आलेला एक हात त्यांना पाहून जागच्या जागी थबकला. "अरे, काका! आज बसलात? फुलं तोडली नाही का?" "नाही. आज राहू द्या. पाखरासाठी आहेत." तो गृहस्थ दोन पावलं पुढे गेला, वळून पाहिलं, आणि सोबतच्याला काहीतरी म्हणाला. म्हणो बापडा. उजाडलं. जास्वंद पूर्ण उमललेली यज्ञेश्वरांनी तीन वर्षांत पाहिलीच नव्हती. ते कळीतोड करत आले होते. केवढं मोठं फूल असतं ते! आणि त्याच्या मधून तो परागांचा दांडा बाहेर. सहा वाजले, साडेसहा वाजले. देवघरात दिवा लावून ते उभे राहिले, तर मूर्ती उघड्याबोडक्या दिसल्या. "आज नाही," ते मोठ्याने म्हणाले, देवाला की कुणाला कोण जाणे. घरात काही हललं नाही. स्वयंपाकघर नुसतं स्वयंपाकघर होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"आजोबा! आला?" या वेळी पहिला चेहरा आभाचाच होता. "थांब, बोलू नको," यज्ञेश्वर कुजबुजले आणि फोन पुढे धरून पोर्चमध्ये आले. इंदूबाई फाटकाशीच थिजून उभ्या होत्या. पाखरू आलं होतं. आज त्याला प्रत्येक देठावर फूल मिळत होतं आणि ते घाईत नव्हतं. फुलाच्या बाजूने, देठाशी भोक पाडून ते मध ओढत होतं, आडवाटेने, चोरासारखं. उन्हात आल्यावर त्याच्या गळ्यावरून निळा-जांभळा रंग एकदम पेटायचा आणि विझायचा. मग त्याने मान वळवली, पोर्चकडे पाहिलं आणि आलं. रसेलियाची उणीपुरी पंधरा फुलं असतील. एका काडीवर ते उलटं लटकलं, झोका बसला, काडी सुटली, आणि एक क्षण, मोजून एक क्षण, ते लाल नळीच्या तोंडाशी हवेत उभं राहिलं, कशालाही न धरता. फोनमधून बारीक आवाज आला. "आजोबा, हा हमिंगबर्ड नाहीये. ह्याची चोच वाकडी आहे." "नाही ना," यज्ञेश्वर म्हणाले. "तो इकडे नसतोच बाळा. मला माहीतच नव्हतं. न बघता हो म्हटलं मी." आता येईल 'ओके', असं वाटून त्यांनी डोळे मिटले. "मग हा कोण आहे?" आभाने विचारलं. "शक्करखोरा." "शक्कर... म्हणजे शुगर? शुगर खातो? तो तुमचा आहे? कधीपासून येतो तुमच्याकडे?"

हे काही यज्ञेश्वरांना माहीत नव्हतं. त्यांनी इंदूबाईंकडे पाहिलं. "कधीपासून येतो हो हा? आभा विचारतेय." "हा? बाई होत्या तवापासून." इंदूबाई जवळ आल्या आणि फोनमधल्या पोरीकडे पाहून हसल्या. "बाई तं पाचच फुलं तोडे. चार देवाले, एक मले दे, माझ्या घरच्या बुद्धाच्या फोटोसाठी. बाकी साऱ्या झाडाले हात नाई लावे. म्हने, थे त्याचे हायेत, थो येईन आता." यज्ञेश्वरांनी विचारलं, "पाचच?" "पाचच. मंग इथंच पायरीवर बसे, च्या घेऊन, त्याची वाट पाहत. तुम्ही आत पेपर वाचत राहा." "तुम्ही मला बोलल्या नाहीत कधी?" "मले वाटलं, तुम्हाले ठाऊक असन," इंदूबाई म्हणाल्या.

पाखरू केव्हाच उडून गेलं होतं. तीन वर्षं यज्ञेश्वर पहाटे उठून जिची आठवण जपत होते, तिने हे असं कधी केलंच नव्हतं. वर्षानुवर्षं ती दहा पावलांवर बसून कुणाची तरी वाट पाहत होती, आणि ते आत होते. ते जास्वंदीपाशी गेले, एक फूल तोडलं आणि इंदूबाईंच्या हातावर ठेवलं. तीन वर्षांच्या थकबाकीपोटी एक फूल, कमीच होतं. इंदूबाईंनी ते पदराच्या टोकाला बांधलं. फोनमध्ये आभा काहीतरी विचारत होती, आजी का, कोणती आजी, काय करायची आजी. "इंदूबाई," यज्ञेश्वर म्हणाले, "आणखी काय काय करायची ती?"

इंदूबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "सांगतो ना," त्या म्हणाल्या. "लय हाये. पयले तुम्ही बसा."